मका घातला, गवत उगवलं, मग दूध का आटलं?

प्रश्न: दादा, आमच्याकडे ४ गायी, १ म्हैस आणि ६ शेळ्या आहेत. यंदा हिरवं काहीच नाही म्हणून भाऊजींनी (माझ्या दिरांनी) हायड्रोपोनिक चाऱ्याचा (मातीशिवाय, ट्रेमध्ये धान्याला मोड आणून करायच्या चाऱ्याचा) सेट आणला, रॅक, ट्रे, पाण्याचा बारीक फवारा मारणारा फॉगर सगळं. विकणारा म्हणाला १ किलो मक्यापासून १० किलो चारा, बाकी काही घालायची गरज नाही. म्हणून गायीला रोज १५ किलो हा चारा सुरू केला आणि खुराक ४ किलोवरून २ वर आणला, सुकी वैरणही ८ ची ४ केली. आता दीड महिना झाला. दूध गायीमागे लिटर-सव्वा लिटरने उतरलंय, फॅट कमी लागतेय, शेण पातळ. वर पाचव्या दिवसापासून ट्रेमध्ये पांढरी बुरशी धरते, वास येतो. वरवरची काढून उरलेलं घालते. एक गाय तर तोंडच लावत नाही. आमचा चारा किलोला सहाच किलो होतो, भाऊजी म्हणतात मी पाणी नीट मारत नाही. सासूबाई म्हणतात हे गवत नाही, कुजका मका आहे. बुरशीवर कुठलं औषध मारू? आणि हे चालू ठेवू की बंद करू?

उत्तर:

ताई, आधी एकच काम करा, बाकीचं पत्र नंतर वाचा. ज्या ट्रेला वास येतोय तो जनावरापुढे घालणं आजपासून बंद. वरवरची काढून पण नाही. का ते खाली सांगतो, पण आधी ते बंद करा.

आता तुमच्यावरचा आरोप. १ किलोला ६ किलो होतो म्हणजे तुमचं काही चुकत नाहीये. मक्याचा साधारण ५ ते ६ किलोच होतो, जगात कुठेही करा, ते १० किलो बहुतेक वेळा निथळायच्या आधी ओला गच्च ट्रे काट्यावर ठेवून काढलेले असतात. मी पण सुरुवातीला तसंच वजन करायचो आणि खूश व्हायचो, मग एकदा घरात कुणीतरी विचारलं की अहो ट्रेच्या तळाशी पाणी दिसतंय ते पण चाराच का, तेव्हापासून कापायच्या आधी अर्धा दिवस पाणी बंद ठेवतो आणि मग वजन करतो. तर भाऊजींना सांगा, सहा किलो हा चांगला आकडा आहे, वहिनी पाणी व्यवस्थित मारतेय.

पण खरी गोम त्या सहा किलोच्या आत आहे. बघा, १ किलो मका घेतला की त्यात पाणी साधारण १२ टक्के असतं, म्हणजे कोरडा माल ८८० ग्रॅम. त्याचा ६ किलो चारा झाला, त्यात कोरडा माल असतो १३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ७८० ग्रॅम. वजन सहापट झालं आणि गायीच्या पोटाला लागणारा माल उलट १०० ग्रॅमने घटला. गेला कुठे? दाणा सात दिवस अंधारात-उजेडात श्वास घेत असतो ना, मोड वाढवायला स्वतःतलाच स्टार्च जाळत असतो, कोवळं पान उजेडातून अन्न करायला लागेपर्यंत तुमची कापणी आलेली असते. म्हणजे वाढलं ते पाणी. एवढी एक गोष्ट नीट डोक्यात बसली ना की बाकीचे सगळे प्रश्न आपोआप सुटत जातात.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, घरीच करून बघा. एका ट्रेच्या मधून, कडेची नको कडेची वाळकी असते, १ किलो चटई (मुळं एकमेकांत गुंतून ट्रेमध्ये जो थर होतो तो) मोजून काढा, पान, मूळ, दाणा सगळं सकट. बारीक तोडा, पत्र्यावर पसरून कडक उन्हात वाळवा, रोज वजन करा आणि दोन दिवस लागोपाठ वजन हललं नाही की थांबा. काय उरतं ते भाऊजींसमोर काट्यावर ठेवा. उन्हात अगदी पूर्ण सुकत नाही त्यामुळे दीडशे ग्रॅमपर्यंत भरेल, पण ओंजळभर तो भुगा बघितला ना की भांडण मिटतं. माझं मिटलं होतं.

आता हाच हिशोब गायीच्या पोटाला लावा. ४०० किलोची दुभती गाय धरा, तिला दिवसाला वजनाच्या ३ टक्के म्हणजे १२ किलोच्या आसपास कोरडा माल लागतो. पूर्वी तुम्ही ४ किलो खुराक आणि ८ किलो सुकी वैरण घालत होतात, दोन्हीत मिळून जवळजवळ ११ किलो कोरडं जात होतं, थोडं कमी पण चालून जाण्यासारखं. आता दोन्ही अर्धं केलंत, म्हणजे ५ किलो ४०० ग्रॅम काढून घेतलं आणि त्या जागी १५ किलो हिरवं दिलं ज्यात कोरडं आहे २ किलोपेक्षा पण जरा कमीच. रोज साडेतीन किलोची उपासमार. गाय दिसायला पोट भरून खातेय, गव्हाण भरलेली दिसतेय, हिरवंगार दिसतंय, आणि आतून ती अर्धपोटी आहे. मग दूध लिटरभरच उतरलं यात मला गायीचंच कौतुक वाटतं, ती अंगावरची चरबी जाळून दूध देतेय, अजून महिनाभर असंच चाललं तर पाठीचा कणा आणि माकडहाडं वर दिसायला लागतील आणि मग माजावर येणं पण लांबेल.

फॅट आणि शेणाचं कारण पण तिथेच. रवंथ करायला गायीला खरबरीत, लांब धाग्याची वैरण लागते. सात दिवसांचा कोंब म्हणजे लुसलुशीत, त्याला चावण्यासारखं काही नसतं. सुकी वैरण अर्धी झाली, रवंथ कमी, लाळ कमी, पोट आंबट, फॅट खाली. त्यात पाणीदार चारा, म्हणून शेण पातळ. गाय बसलेली असताना तिच्या तोंडाकडे बघत बसा जरा, एक घास किती वेळा चावते ते मोजा. पन्नासच्या वर गेलं पाहिजे, चाळीसच्या आत असेल तर समजा वैरण कमी पडतेय.

तुम्हाला त्या सेटवाल्याने असंही सांगितलं असणार की यात प्रोटीन वाढतं. हे अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्यानेच माणूस जास्त फसतो. समजा एका डब्यात १०० मणी आहेत, ९ लाल आणि ९१ पांढरे. लाल म्हणजे प्रोटीन. आता मी १५ पांढरे मणी काढून फेकून दिले. लाल किती राहिले? नऊच. पण टक्केवारी काढली तर ९ ची साडेदहा झाली. मोड आणताना बराचसा हाच प्रकार होतो, स्टार्च जळतो आणि प्रोटीनची टक्केवारी फुगलेली दिसते, डब्यातले लाल मणी काही व्यालेले नसतात.

मग यात काहीच नाही का? आहे ना, नाहीतर मी स्वतः इतकी वर्षं ट्रे धुत बसलो नसतो. कोंबात बीटा कॅरोटीन येतं ज्याचं शरीरात व्हिटॅमिन ए होतं, व्हिटॅमिन ई वाढतं, आणि दाण्यातला फॉस्फरस ज्या फायटेट नावाच्या कुलपात अडकलेला असतो ते कुलूप मोड येताना उघडतं. (ह्या शेवटच्या गोष्टीचा फायदा कोंबड्यांना जास्त, गायी-शेळ्यांच्या पोटातले जंतू ते काम तसंही करतात.) शिवाय चव. महिनोन्महिने नुसत्या सुक्यावर असलेल्या जनावरापुढे हे मूठभर हिरवं टाकलं की ते सुकं पण आवडीने खायला लागतं, हा फायदा कागदावर कमी आणि गोठ्यात जास्त दिसतो. थोडक्यात हे तोंडी लावणं आहे, जेवण नाही, आणि तुम्ही जेवणाच्या जागी वाढलंत.

पाण्याबद्दल पण लोक बोलतात, ते मात्र खरं आहे. पाणी फिरवून वापरलं तर १ किलो चाऱ्याला दीड-दोन लिटरमध्ये भागतं, वाहून जाऊ दिलं तर ३ लिटरपर्यंत. शेतात हिरवा चारा घ्यायला याच्या कितीतरी पट पाणी जातं. फक्त एक विसरू नका, जो मका आपण भिजवतो तो पण कुणाच्या तरी शेतात पाणी पिऊनच आलेला असतो, तुमच्या विहिरीतलं वाचलं, दुसऱ्याच्या विहिरीतलं गेलं. तुमच्याकडे रानच नसेल, पाणीच नसेल, तर तुमच्यापुरता हा फायदा खराच धरा.

आता बुरशी. यावर जरा निवांत बोलू कारण इथे जनावर जाऊ शकतं.

पहिलं म्हणजे तुम्ही बघताय ती बुरशीच आहे का? कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुळांवर पांढरी लव येते, ती मुळांची केसमुळं असतात, नवीन माणूस तीच बुरशी समजून चांगला ट्रे फेकतो. ओळखायची खूण सांगतो. लव ही प्रत्येक मुळाला चिकटून, सगळ्या ट्रेभर सारखी असते आणि पाण्याचा फवारा मारला की मुळाला बसून दिसेनाशी होते, थोड्या वेळाने परत येते. बुरशी ही ठिपक्या-ठिपक्याने येते, कोळ्याच्या जाळ्यासारखी एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाते, फवारा मारला तरी जात नाही, आणि दोन दिवसांत त्या पांढऱ्यावर राखाडी, हिरवी किंवा काळी टिकली धरते. आणि वास. चांगल्या ट्रेला काकडी चिरल्यासारखा किंवा ओल्या गवताचा वास येतो, बिघडलेल्याला बंद खोलीतल्या ओल्या गोणपाटाचा. तुमच्या पत्रात वास आहे, गाय तोंड लावत नाहीये, म्हणजे ही बुरशीच. त्या गायीला हट्टी म्हणू नका, तुमच्या गोठ्यात सध्या सगळ्यात हुशार तीच आहे.

वरवरची काढून का चालत नाही? तर दिसते तो बुरशीचा नुसता मोहोर असतो, तिचे धागे चटईच्या आत खोलवर गेलेले असतात आणि तिने सोडलेलं विष डोळ्याला दिसतच नाही. ते उन्हात वाळवून जात नाही, गरम पाण्याने पण जात नाही. एक ॲस्परजिलस क्लॅव्हेटस नावाची बुरशी आहे, तिला मोड आलेलं धान्य फार आवडतं. ती पोटात गेली की जनावराचे स्नायू थरथरतात, मागचे पाय ताठ होतात, चालवलं की खूर मुडपतात, पळवलं की कोसळतं. ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत अशी गुरं दगावल्याच्या नोंदी आहेत. मज्जातंतूंनाच इजा होते, त्यावर नेमका उतारा असा नाही. तर तुमच्या गोठ्यात कुणाचं अंग थरथरताना दिसलं किंवा मागचा पाय ओढताना दिसलं तर वाट न बघता हा चारा पूर्ण थांबवायचा आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलवायचं, बोलावताना मोड आलेलं धान्य घालत होतो हे आठवणीने सांगायचं कारण ते विचारतीलच असं नाही. दुसरं, मक्यावर येणाऱ्या एका बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष दुधात उतरतं, आणि ते दूध घरातली पोरं पण पितात.

औषध मारू का, तर अजिबात नाही. बुरशीनाशक मारलेला चारा सात दिवसांत जनावराच्या पोटात जाणार, विष उतरायला वेळच मिळत नाही. बुरशी औषधाने नाही, दाणा भिजवायच्या आधीच अडवायची असते.

बियाणं कुठून घेताय ते आधी बघा. माझ्याकडे एकदा ओळखीच्याने स्वस्तात मका दिला, पोतं उघडलं तर दाणे गुलाबी, मी म्हटलं जात वेगळी असेल. भिजत घातला तर बादलीतलं पाणी रंगपंचमी. ते पेरणीचं, औषध चोळलेलं बी होतं. नशीब पाणी बघून सुचलं, सगळं पोतं परत. तर रंग लावलेलं, पावडर लागलेलं बी कधीच नाही, कितीही धुतलं तरी नाही. खायचा मका, जुना नको, फुटका नको, टोके लागलेला नको. फुटका दाणा उगवत नाही, तो फक्त सडतो आणि बाकीच्यांना घेऊन जातो. नवीन पोतं आलं की १०० दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधा, तीन-चार दिवसांनी उघडा, ८५ च्या खाली मोड आले असतील तर ते पोतं भरडून खुराकात घाला, ट्रेसाठी नको.

मग धुणं. दोन-तीन पाण्यांनी खळखळून, वर तरंगेल ते सगळं काढून. त्यानंतर घरातलं साधं ब्लीच, साधारण ५ टक्क्यांचं असतं ते, १ लिटर पाण्यात २० मिली, त्यात अर्धा तास दाणे बुडवून ठेवा आणि परत तीन पाणी. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर किंवा आम्ल मिसळायचं नाही, विषारी गॅस होतो. मग साध्या पाण्यात १२ ते १६ तास भिजत, मध्ये एकदा पाणी बदला. खूप जण २४ च्या वर ठेवतात, दाणा पाण्यात गुदमरतो आणि आंबतो. नंतर निथळून गोणपाटात एक दिवस, मोडाचं पांढरं टोक दिसलं की ट्रेमध्ये. गोणपाट प्रत्येक वेळी उकळून वाळवलेला पाहिजे, बऱ्याच ठिकाणी सगळं स्वच्छ असतं आणि बुरशी त्या गोणपाटातूनच येते.

ट्रेमध्ये गर्दी करताय का? मला वाटतं करताय, कारण सगळे करतात. २ फूट बाय ३ फुटाच्या ट्रेला मका कोरडा असताना मोजलेला ३ किलो, फार तर साडेतीन. त्याच्यावर गेलात की मधला थर तापतो. चौथ्या दिवशी ट्रेच्या मध्यावर चटईखाली हात घालून बघा, कोमट लागला तर गर्दी झालीये किंवा हवा खेळत नाहीये. ट्रेला तळाशी भोकं आणि एका बाजूला उतार हवाच, पाणी साचता कामा नये. खोली २० ते २५ डिग्रीत राहिली तर उत्तम, ३० च्या वर गेली की तुम्ही कितीही धुतलंत तरी बुरशी शर्यत जिंकते. त्या दिवसांत ट्रेमधला मका कमी करा, साधा पंखा लावा, ओली पोती लटकवा, आणि एवढं करूनही जमत नसेल तर तेवढे दिवस रॅक रिकामा ठेवा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पाणी थोडं आणि वारंवार, दिवसा दोन-दोन तासांनी मिनिटभराचा फवारा पुरतो. रात्री भिजवून ठेवायची सवय असेल तर ती मोडा, फक्त खूप कोरडी गरम हवा असेल तर झोपायच्या आधी एक फवारा चालेल. थेट ऊन नको, सावलीतला उजेड बास. सेटबरोबर त्या बाटल्या आल्या असतील ना, न्यूट्रिएंट म्हणून, त्या परत घेत असतील तर देऊन टाका. सात दिवस दाणा स्वतःच्या शिदोरीवर जगतो, त्याला बाहेरचं खत लागत नाही. गंमत म्हणजे हायड्रोपोनिक्स हे नाव गेरिके नावाच्या कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञाने १९३७ च्या सुमाराला रूढ केलं ते खताच्या पाण्यात टोमॅटो वाढवायला, त्याच्या वेली २५ फुटांवर गेल्या होत्या म्हणतात. आपण करतो ते खरं बघता नुसतं धान्याला मोड आणणं आहे, पण मोड आणायचा सेट म्हटलं तर एवढा महाग कोण घेणार!

सातव्या, जास्तीत जास्त आठव्या दिवशी काढा. अजून दोन दिवस ठेवलं तर उंच होईल असा मोह होतो, उंच होतं पण दाण्यातला माल संपत जातो, पान पिवळं पडतं, खालची मुळं कुजायला लागतात. ट्रे काढला की लगेच ब्रशने घासा, कोपऱ्यातला बुळबुळीतपणा बोटाने तपासा, ब्लीचच्या पाण्यातून काढा आणि उन्हात कोरडा झाल्याशिवाय त्यात परत दाणा नाही. म्हणून जेवढे ट्रे रोज लागतात त्याच्यापेक्षा एका दिवसाचे जास्तीचे ट्रे ठेवावे लागतात, आठ दिवसांना नऊ दिवसांचे. सेटवाले हे जास्तीचे ट्रे धरत नाहीत आणि मग घाईत ओल्या ट्रेमध्येच पुढचा लॉट पडतो.

मक्याऐवजी जव (बार्ली) मिळत असेल तर बघा, दाणा छोटा, मोड लवकर. ओट, गहू पण चालतो. ज्वारी मात्र नाही. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात सायनाईड तयार होतं, किरळ लागून गुरं जातात ती याच्यामुळेच, आणि ट्रेमध्ये तर आपण कापतोच मुळी कोवळं.

आता खायला कसं घालायचं. एकदम उलटं फिरवू नका, पोटातल्या जंतूंना बदल झेपायला वेळ लागतो. पुढच्या दहा-बारा दिवसांत सुकी वैरण हळूहळू परत ८ किलोवर न्या, आधी वैरण वाढवा, मग खुराक. हा चारा गायीला आणि म्हशीला ५ ते ६ किलो, दहाच्या वर कधीच नको. शेळीला अर्धा किलो पुरे. चटई अख्खी टाकली तर जनावर वरचं पान ओरबाडून खातं आणि मुळं-दाणा पायाखाली घेतं, आणि माल तर खाली आहे, म्हणून हाताने तुकडे करून वैरणीच्या कुट्टीत कालवून घाला. सकाळी रिकाम्या पोटी नको, आधी सुकं जाऊ दे. ६ किलो चारा म्हणजे १ किलो मका धरा, म्हणून खुराकात भरडलेला मका घालत असाल तर त्यातला किलोभर काढलात तरी हरकत नाही, पण पेंडीला हात लावू नका, मिनरल मिक्श्चर पण चालूच ठेवा.

चालू ठेवायचं की बंद, याचं उत्तर मी इथून देणार नाही, तुमची वहीच देईल. आधी पंधरा दिवस नुसतं खाणं रुळावर आणा. मग दोन गायींना चारा ६ किलो, आणि दोघींना त्याऐवजी १ किलो मका भरडून, बाकी सगळं सेम. तीन आठवडे दोन्ही वेळचं दूध रोज लिहा. मग अदलाबदल, परत तीन आठवडे. बदलल्यावरचे पहिले पाच-सहा दिवस हिशोबात धरू नका, आणि दिवस सरतात तसं दूध थोडं आपोआप उतरतं हे लक्षात ठेवा, म्हणून तर अदलाबदल करायची. मग त्याच्यासमोर मांडा लाईट बिल, आणि तुमचा वेळ. हो, तुमचा वेळ. भाऊजींनी सेट आणला पण धुणं, भिजवणं, पसरवणं, फवारे, ट्रे घासणं हे दिवसाचे दोन-अडीच तास कुणाचे जातायत ते पत्रावरून कळतंच आहे, ते फुकट धरून काढलेला फायदा हा फायदा नसतो.

माझा अंदाज विचाराल तर सांगतो. चार गायींसाठी मका विकत आणून हे करणं बहुतेक जड जाईल. सहा शेळ्या, कोंबड्या असतील तर त्या, आणि एखादी नुकती व्यालेली गाय, एवढ्यापुरता अर्धा रॅक चालवलात तर परवडतं आणि झेपतं. आणि पुढच्या हंगामात हिरवं मुबलक असेल तेव्हा मुरघास (हिरवा चारा कापून, हवाबंद दाबून मुरवलेला) करून ठेवा, टंचाईचं खरं उत्तर तेच आहे, त्यात कोरडा माल ३० टक्क्यांच्या आसपास असतो, ह्याच्या दुप्पट तरी. सेट विकून टाका असं म्हणत नाही, रॅक कुठे जात नाही. सासूबाईंना सांगा त्यांचं अगदीच चूक नव्हतं, सध्याच्या ट्रेपुरतं तर पूर्ण बरोबर होतं.

जे खराब ट्रे आज काढाल ते उकिरड्यावर टाकताना खड्डा करून वरून वीतभर माती ओढा. नुसते फेकलेत तर शेळ्या मागच्या बाजूने जाऊन तेच खातील. आणि काढताना तोंडाला फडकं बांधा, ती काळी-हिरवी पूड आपल्या छातीत पण जाते.